दिवेलागणीनंतरची सुई

शारजात शुक्रवार हाच आमचा रविवार.
सकाळी मिसा, दुपारी झोप,
आणि मगरिबची बांग संपली की
सेलेस्तीनच्या पिकअपमध्ये बेचाळीस डबे :
मसूरभात, उकडलेलं अंडं, एकेक केळं.
मागे गोण्यांत कपडे,
कुणाच्या वाढलेल्या मुलांचे,
कुणाच्या वाढलेल्या पोटाचे.

फादरांनी घातलेले नियम थोडेच.
गाणं नाही, पत्रकं नाही, फोटो नाही.
प्रार्थना गाडीतच, काचा वर करून.
गळ्यातला क्रूस ओढणीच्या आत.
आनियम्मा म्हणते, कुणाच्या नावाने शिजलोय
ते भाताला माहीत आहे. पुरे.

खाडीजवळ, बंद टायर-दुकानाच्या मागे
माणसं राहतात. राहतात म्हणजे
पुठ्ठ्यावर निजतात, एसीच्या खोक्यात चपला ठेवतात.
मालकाने कुलूप लावलं त्या दिवशी
पासपोर्ट आत राहिले, हे बाहेर.
जानेवारी होता. इथल्या थंडीवर
गावाकडे कुणी विश्वास ठेवत नाही.
फोनवर सांगितलं तर हसतात.

मी शर्ट वाटत होते.
छातीचा अंदाज घ्यायचा, नजर खाली ठेवायची.
नर्स आहे मी, उघड्या माणसाकडे
कसं बघायचं ते येतं मला.
एकाने शर्ट घेतला, उलटा केला,
काखेतल्या शिवणीत बोट घातलं
आणि परत दिला.
"उसवलंय हे, बाई."
मराठीत!
उदगीरचा मुनीरोद्दीन.
एकवीस वर्षं बायकांच्या अबायांना
खडे लावत आलेला, हजारो, एकेक करून.
"शर्ट राहू द्या. सुई असंल तर बघा.
अन् काळा दोरा."

सुई.
आई म्हणायची, दिवेलागणीनंतर
सुई देऊ नये, मीठ देऊ नये, लक्ष्मी जाते.
वसईच्या आमच्या घरात लक्ष्मी कुठली,
भिंतीवर माउली मारिया, तिच्यापुढे मेणबत्ती.
तरी शेजारीण आली की आई दार किलकिलं करून
"संपली गं" सांगायची
आणि शनिवारी कन्फेशनला तेही सांगत असावी.

पर्सच्या तळाशी होती.
दिली.

पुढच्या शुक्रवारी दिव्याच्या खांबाखाली
एक रांग आमच्याआधीच लागलेली.
चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधून
मुनीरोद्दीन मांडी घालून बसला होता.
आम्ही दिलेल्या पँटी तिथे आखूड होत होत्या,
बाह्या उतरत होत्या, बटणं जागेवर येत होती.
मजुरी म्हणून कुणी अर्धं अंडं देई.
तो ते पोऱ्यासारख्या एका नेपाळ्याकडे सरकवी
आणि पुन्हा दोरा ओलावी.
सेलेस्तीनच्या जॅकेटची चेन वर्षभर अडकलेली.
तोही जाऊन उभा राहिला
एका सुदान्याच्या मागे, एका बंगाल्याच्या पुढे,
पाय बदलत, घड्याळ न बघता.

माझी ओढणी पिकअपच्या दारात फाटली होती.
"आणा इकडं," म्हणाला.
काढून दिली, आणि मग आठवलं.
क्रूस उघडा, दिव्याच्या उजेडात, पिवळा.
त्याने पाहिला. टाके घालत राहिला.
ओढणी परत देताना म्हणाला,
"साखळीची कडी उकललीय, बाई. पडंल एखांदी वेळ."
मी साखळी काढून त्याच्या हातावर ठेवली.
त्याने कडी दातांनी दाबली,
वरून काळ्या दोऱ्याचे चार वेढे,
गाठ मारली, आणि पुढच्याला हाक दिली.

मार्चमध्ये तो तिथे नव्हता.
कुणी म्हणालं, कागद झाले, गेला.
कुणी म्हणालं, गाडी आली होती रात्री.
नेपाळी पोरगा नुसता केळं सोलत राहिला.
खांबाखाली दोऱ्याचे तुकडे होते,
वाऱ्याने तेही नेले.

आईला परवा सगळं सांगितलं.
ती बराच वेळ गप्प. मला वाटलं, रडतेय.
मग हळूच विचारलं तिने,
"सुई परत मागितली नाहीस ना?"