चोणकांचं पथ्य

सोमवारी तीन चोणक उताणे तरंगले.
कल्ल्यांखाली लाल चट्टे, शेपट्या विरलेल्या
जुन्या पोलक्याच्या काठासारख्या.
इनास मानशीच्या फळीवर बसून म्हणाला,
"पाणी गोडं झालंय, आणखी काय."
त्याचं निदान नेहमी पाणीच असतं.

पणजीच्या दुकानात हातात घेतलेली बाटली
मी परत फळीवर ठेवली.
किंमत बघून नव्हे.
बरं, किंमत बघूनच.
नंतर लोकांना सांगताना मात्र
मी त्याला तत्त्व म्हटलं.

घरी येऊन मागच्या दारी गेले.
किरायतं उपटलं मुळासकट,
ज्याच्या काढ्यासाठी आई
आमची नाकं दाबून धरायची.
कडुलिंबाचा पाला, लसणीचे दोन गड्डे,
आणि हळद, जावेने सावईवेऱ्याहून पाठवलेली.
पाट्यावर नाही, मिक्सरवरच वाटलं सगळं.
त्या भांड्यातली चटणी
घरात अजून कुणी खात नाही.

खाद्याच्या गोळ्यांना ते माखलं,
वरून अंड्याचा पांढरा, पाण्यात सुटू नये म्हणून,
आणि सुपात पसरलं सावलीला.
कुंपणापलीकडून पिएदाद :
"पापड घातलेस गे?"
"चोणकांना पथ्य," मी म्हटलं.
ती हसली ते चोडणच्या धक्क्यावर
फेरीबोटीलाही ऐकू गेलं असेल.

पहिल्या दिवशी त्यांनी थुंकलं.
खरंच. तोंडात घेतलं आणि बाहेर फेकलं.
आता माशाचं नाक कसं दाबायचं?
बांधावर बसून राहिले,
सूप मांडीवर, डास पायांवर.
दुसऱ्या दिवशीही तेच.
तिसऱ्या दिवशी भुकेनेच
त्यांचं नाक दाबलं.

वहीत आहे : गुरुवारी पाच. शुक्रवारी पाच.
रविवारी दोन.
मंगळवारची ओळ कोरी.
ती कोरी ओळ मी
रात्री दिवा लावून पुन्हा वाचली.

मधेच पुनव आली होती.
इनासने मानस उघडली, खारं पाणी
खाजनभर फिरलं, खेकड्यांच्या बिळांत गुळगुळलं.
त्यामुळे आता सांगता येत नाही.
"पाणी," इनास म्हणतो.
"किरायतं," मी म्हणते.
चोणक कुणाची बाजू घेत नाहीत,
वळतात, आणि वळताना पाठीवरून
नवीन खवल्यांचा उजेड सरकतो.

नाताळाच्या आदल्या दिवशी विकले.
टोपल्या गेल्या, काटा धुतला,
एक घरी ठेवला, चांगला दोन किलोंचा.
खवले काढले, तुकड्या केल्या, मीठ लावलं
आणि डबा उघडून हात थांबला.
हीच हळद.
तेव्हा आतून लावली होती,
जगावा म्हणून.

तवा तापला होता, तेल धुरायला लागलं होतं.
एक चिमूट जास्तच लावली.

डोकं इनासच्या वाटणीचं, वेगळं काढलंय.
तो जेवेल, बोटं चाटेल,
आणि म्हणेल, चव पाण्याची आहे.