मागे ठेवलेली भांडी

आमच्या घरात भांड्यांना माणसांची नावं आहेत.
खोल, जाड बुडाचं पातेलं, ती लूर्देस.
सेबूला कायमची निघाली तेव्हा दारात ठेवून गेली,
म्हणाली, चिंच सढळ हातानं घाला, कोळंबी घाला,
आणि मुळा विसरू नका.
मुळा विसरलो.
दोनदा.

मूठ तुटलेला साचा म्हणजे निलंती.
पितळी खल उम्म जासिमचा.
तिला कुठं जायचं नव्हतं, ती इथलीच, मुहर्रकची,
फक्त तिच्या सुनेनं मिक्सर आणला.

दर शुक्रवारी निषाद डोळे मिटून फळीवर हात फिरवतो.
बोट लागेल ते भांडं, भांड्याचा तो देश.
मग हेमांगी कांदे माझ्याकडं सरकवते.
गोदीत मी जहाजांचे जोड तपासतो,
केसाएवढी भेग मला लांबून दिसते,
पण कांदा बारीक झालाय की नाही, हे ती ठरवते.

मचबूस आम्ही तीनदा बिघडवला.
पहिल्यांदा तर वाळून काळं पडलेलं ते लिंबू
मी सडकं समजून केरात टाकलं.
जिन्यात उम्म जासिम कठड्याला धरून हसली.
मेलेलं नाही रे ते, झोपलंय.
भोक पाड, उकळत्या पाण्यात सोड, उठेल.

निलंतीच्या साच्यातून तांदळाची पिठी दाबली
तेव्हा मी सगळा भार देऊन घामाघूम,
आणि ताटात पांढरे दोरे पडायला लागले तशी
हेमांगी कमरेवर हात ठेवून म्हणाली,
"अगो बाई, हे तर आमचे मालवणचे शिरवाळे!"
खोबऱ्याचा तिखटजाळ सांबोल तसाच राहिला,
तिनं नारळाच्या दुधात गूळ विरघळवला, वेलची टाकली.
निलंतीला फोटो पाठवला.
तिचा उलट एक रडका चेहरा आला.
रागाचा की आठवणीचा, आम्ही विचारलं नाही.

इथं रात्री विमानं इतकी खालून जातात
की फळीवरची झाकणं आपापसात बोलतात.
त्यातलं कुठलं कुणाला घेऊन चाललंय, कळत नाही,
म्हणून निषाद लहान होता तेव्हा सगळ्यांनाच हात करायचा.

मार्चमध्ये माझंही पत्र आलं.
जूनपर्यंत, असं त्यात होतं. खाली आभार.

माणशी तीस किलो.
पुस्तकं, कपडे, निषादची सायकल नाही,
आणि मग विळीवर येऊन सगळं अडलं.
येताना हेमांगीनं ती जुन्या नऊवारीत गुंडाळून आणली होती.
कस्टमच्या माणसानं पात्यावरून नजर फिरवून विचारलं होतं,
हिच्यावर बसतात? का?
तिनं तिथंच, त्या गुळगुळीत फरशीवर,
एक पाय मुडपून, एक गुडघा उभा करून
बसून दाखवलं होतं. मागं रांग थांबली होती.

समोरच्या दारात इख्लास राहते, खार्तूमची.
वाळवलेल्या भेंडीची तिची पूड
आमच्या डब्यात आहे अजून दोन चमचे.
भांडं मात्र तिचं आमच्याकडं एकही नाही.
तिनं आणलंच नव्हतं.
निघताना तेवढा वेळ नव्हता.

तर गुरुवारी आम्ही सगळी फळी तिच्या ओट्यावर मांडली.
निषादनं ओळख करून दिली, एकेकाला बोट लावत,
आणि ती शाळेतल्यासारखी मागून म्हणत गेली:
लूर्देस. निलंती. उम्म जासिम.
"आणि ही?"

निषाद आमच्याकडं बघत राहिला.
मग विळीकडं.
"हेमांगी," तो म्हणाला,
आईचं नाव पहिल्यांदाच घेत.

इख्लास विळीवर उलट्या बाजूनं बसली.
हेमांगीनं काही न बोलता
तिचा गुडघा धरून जरासा वळवला,
आणि हातात नारळाची अर्धी कवड दिली.