फेरविचार

सेनगावच्या रस्त्याला आमचं गाव.
पंचायतीच्या पाटीवर आईचं नाव:
सौ. सोजर किसनराव टाले, सरपंच.
खुर्चीत दादा बसतात.
आईकडे येतो फक्त कागद,
आणि टोपण काढून ठेवलेलं पेन.

उद्या नागरिकशास्त्र. मी मोठ्यानं वाचत होते:
देशाचा कारभार राष्ट्रपतींच्या नावानं चालतो,
प्रत्यक्षात मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं.
भाकरी थापता थापता आई म्हणाली,
"म्हंजी माझ्यावानीच की."
मी हसले. ती नाही.

"पुढं वाच."
विधेयक एकदा फेरविचारासाठी परत पाठवता येतं.
तेच पुन्हा आलं, तर संमती द्यावीच लागते.
"किती दिवसात?"
मी पान उलटलं. मागचंही पाहिलं.
"मुदत दिलेली नाही."
तिचा पिठाचा हात जरासा थांबला. एवढंच.

रात्री दादांनी गायरानाचा ठराव आणला.
खडी क्रशरवाल्याची जीप दारात चालूच.
आईनं कागद बल्बखाली धरला,
अक्षर अक्षर लावत वाचला.
तिला वाचता येतं, हे दादा विसरून गेले होते.
"इचार करा आनखी एकदा," म्हणाली,
आणि परत दिला.

तिसऱ्या दिवशी जीप पुन्हा आली.
कागद तोच, स्वल्पविरामसुद्धा तेच.
आईनं घेतला, चार घड्या घातल्या,
ज्वारीच्या कणगीखाली सारला.
"आन् सही?"
"करते की."

पाच गुणांना राष्ट्रपतींचे अधिकार आले होते.
मी चार मुद्दे लिहिले.
पाचवा
अजून कणगीखाली आहे.