तोंड बांधलेली गोणी

मी कचरा निवडते. कैरो जागं व्हायच्या आत
त्याचं कालचं सगळं माझ्या दारात येऊन पडतं.
काच वेगळी, पत्रा वेगळा, शिळे तुकडे डुकरांना.
डोळ्यांआधी बोटांना कळतं.

तुझे शब्दही मी असेच निवडत आले, येशू.
भिऊ नकोस म्हणालास, ते ठेवलं.
दमलेल्यांना हाक मारलीस, ती उशाशी घेतली.
बाकीचं गोणीत, तोंड बांधून.

शुक्रवारी, डोंगराच्या कपारीतल्या चर्चमध्ये
अबूना तादरोस वाचत होते, नेहमीसारखे नाकातून.
मागे कुणाचं तरी पोर किरकिरत होतं,
मी माश्या हाकलत होते.
तेवढ्यात गोणी उसवली.
भाऊ. वेदी. अर्पण राहू दे तिथंच.
आधी जा.

वानीस गल्लीच्या टोकाला राहतो. सदतीस पावलं.
प्लास्टिक दळायच्या एका यंत्रावरून
नऊ वर्षं आमच्यात शब्द नाही.
त्याच्या मुलीच्या बाप्तिस्म्याचा ढोल
मी खिडकी लावून घेऊन ऐकला,
शेवटपर्यंत.

फडक्यातली भाकर बाकावर ठेवली, उठले.
खरं सांगू? त्याची माया वगैरे आली नव्हती.
रागच होता, आणि तोही तुझ्यावर,
की माणसानं
इतकं स्पष्ट बोलावं कशाला!

दार इरिनीनं उघडलं, बाजूला झाली.
आत यंत्र धडधडत होतं.
मी काहीतरी बोलले,
माझं मलाच ऐकू आलं नाही.
वानीसनं पाहिलं.
हात सदऱ्याला पुसले
आणि खटका खाली ओढला.