तलकट्टू

दुपारी चारला सुरू होतं.
डाव्या भुवईच्या आत, बोट ठेवते
तिथं नाही, त्याच्या जरा मागं.
स्क्रीनवर हळदी रंगाची पत्रिका,
वर कन्नड, खाली मराठी,
नवरी हुक्केरीची, नवरा शहापूरचा,
आणि चि. सौ. कां. मधलं टिंब
आहे का नाही, तीनदा मोठं करून बघितलं.
होतं. धूळ नव्हती.

भरमाण्णा म्हणाले, चहा घे, उतरंल.
घरी आईनं कपाळाला चिंधी आवळली,
मागावरची, अर्धी निळी.
तिचंही असंच दुखायचं म्हणे, तुटलेला धागा शोधताना,
पण तेव्हा त्याला कुणी डोळे म्हणत नव्हतं,
पित्त म्हणायचे.

खडेबाजारात हंचिनमनींच्या दुकानात
पोरीनं विचारलं, कोणचा तक्ता लावू?
पाटीला दोन बाजू. मी म्हटलं, कोणचाही.
असं इथं कुणी म्हणत नसावं.
ती थांबून माझ्याकडंच बघायला लागली.

कन्नड लावला. गोल गोल अक्षरं,
खालच्या ओळीत सगळी
शिजून एकमेकांना चिकटली.
मग उलटा केला.
मराठीची नुसती रेघ उरली,
कपडे काढून नेल्यावरची दोरी.

त्या रेघेला आम्ही शिरोरेषा म्हणतो.
कन्नडात अक्षराच्या माथ्यावर असतं ते तलकट्टू,
म्हणजे डोक्याला बांधलेलं.
भरमाण्णांनीच सांगितलं होतं, कामाच्या पहिल्या आठवड्यात.
तेव्हा हसले होते मी.

पाऊण नंबर. थोडा तिरपा.
आणि पापण्या मिटत जा, हंचिनमनी म्हणाले,
विसरता तुम्ही लोक. दर वीस मिनिटांनी
लांबचं काहीतरी बघायचं.

लांबचं म्हणजे समोरच्या साडी-दुकानाची पाटी.
दोन्ही भाषांत. मराठीत वेलांटी चुकलेली.
वीस मिनिटांनी परत बघितलं,
चुकलेलीच.

रविवारी वडगावात गच्चीवर
चष्मा घातला. येळ्ळूरचा गड
बसल्या जागेवरून जरा पुढं सरकला.
बुरुजाची कड, तिच्याखाली
झाड का नुसती सावली.
या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत गेले
सवयीनं, डावीकडून उजवीकडं.
कुठंच काही लिहिलेलं नव्हतं.

डोकं अजून दुखत होतं, थोडं.
आठ दिवस लागतात म्हणे.

खालून आई, कांड्या भरता भरता:
वैजू, दिसतंय का गे?

पापणी मिटली. उघडली.
दिसतंय, म्हटलं.