तेहतीस थेंब

शंभर मिलीची बाटली, एक तास.
म्हणजे मिनिटाला तेहतीस थेंब.
पंप एकच होता, तो ब्रह्मपुरीला दुरुस्तीला गेलाय.
उरलो मी, माझं घड्याळ आणि नळीवरचं हे पांढरं चाक.

रात्री दोन, सकाळी दहा, संध्याकाळी सहा.
दोनला सिंदेवाहीत फक्त मालगाडी जागी असते.
चार नंबरच्या खाटेवर कवडू बुरूड,
ताप मेंदूत चढलेला,
बायकोला मोठी मावशी म्हणतो
आणि माझा हात बांबूसारखा मोजतो, वीत वीत.

सायत्रा म्हणते, "सोडून दे ना बाई धडाधडा,
लवकर आत जाईन तं लवकर बरा होईन."
नाही.
घाई केली तर हे औषध मूत्रपिंडात जाऊन बसतं,
कुसळासारखं.
नव्या पोरीनं परवा कालवलेली कुपी फ्रिजात ठेवली,
उजेडात धरली तर आत बारीक काचच काच.
फेकली. वहीत लिहिलं. सही केली.

"मंग मी काय करू?"
शुद्धीत असला की बसवून पाणी पाज.
पाजलेलं मोज. आलेलं मोज.
सुईपाशी लाल दिसलं, आग होते म्हणाला,
तर मला उठव. झोपले असले तरी.

सायत्राला आकडे येत नाहीत.
तिनं ड्रेसिंगच्या कात्रीनं खाटेखालचा बांबू फाडला.
पाण्याचा पेला, एक कांब उशाशी.
लघवीची बाटली, एक कांब पायथ्याशी.
पहाटे मी कांबी मोजून चार्ट भरते.

पाचव्या दिवशी पायथ्याशी दोनच.
रक्त एसटीनं गेलं, आकडा फोनवर आला,
क्रिएटिनिन दोनला टेकलेलं.
डॉक्टरांनी औषध आठ तासांवरून बारावर नेलं,
सलाईन वाढवलं.
सायत्रा माझ्या टेबलाशी येऊन उभी.
"गरिबाची दवा काऊन कापता वं?"
कापली नाही, म्हटलं, लांबवली.
किडनीला दम खाऊ दे.
तिला पटलं नाही. खरं सांगू,
त्या रात्री मलाही धाकधूकच होती.
कांबी मात्र ती ठेवत राहिली.

सातव्याला चार.
नवव्याला मोजल्याच नाहीत, ढीग होता.

अकराव्या रात्री थेंब मोजता मोजता
एकोणीसवर माझा हिशेब चुकला,
कारण खाटेवरून चांगला खणखणीत आवाज आला:
"सायत्रे, ह्या कांबी कोनं फाडल्या वं?
एवढ्या जाड! याची टोपली नाई होत."

सायत्रा काही बोलली नाही.
पेला भरायला गेली.
मी पुन्हा एकपासून सुरू केलं.