दुसरा टेक

बंद पडलेल्या छोट्या लाइनीच्या ठेसनावर
आम्ही चौघं बसतो,
मुहूर्त नसतात त्या महिन्यांत.
तिकिटाची खिडकी विटांनी बुजवलेली,
वजनकाट्याच्या जागी चौकोनी खड्डा,
पण वरचा पत्रा अजून धड आहे
आणि त्याच्याखाली आवाज जरा रेंगाळतो.

झिंगराजी अवचारचा टेनर.
पितळेवरचं पाणी उडालेलं,
एक चावी सायकलच्या ताडीची,
दुसरीला रबर.
युफोनियम मनिरामकडे, साइड ड्रम लतीफचा,
आणि मी, दिवसा मेडिकलात खोकल्याची बाटली देणारा,
मांडीवर कॅसिओ.

हर्षलनं अमरावतीहून मेमरी कार्डात
तीन अल्बम भरून आणले. टेनरवाल्यांचे.
सोबतीला फक्त तिघं.
एकाच्या कव्हरवर माणूस दिसतच नाही,
निळा धूर आणि सॅक्सचं तोंड.
लतीफ म्हणाला, "चुलीपाशी बसून वाजवून राह्यला वाट्टे."

पहिल्या दिवशी वाट पाहिली.
आता गाणं लागेल. आता.
सात मिनिटं गेली.
"गाणं कुठी हाय याच्यात?" मनिराम.
झिंगराजीनं फोन कानाशी नेला,
बाजारात टरबूज नेतात तसा.
"मांगं घे. अजून.
आयक. दम घेतला त्यानं."

होता खरंच.
दोन सुरांच्या मधे
ओठाच्या कोपऱ्यातून आत ओढलेला,
कोणत्या गावात, कोणत्या साली,
आणि कुणी पुसला नाही.

तीस वर्षं वरातीत वाजवतो झिंगराजी.
पुढं ढोल, मागं जनरेटर,
नवरदेवाचा मामा दातांत नोट धरून वाकतो,
ती सॅक्सच्या तोंडानं उचलायची
अन् सूर तुटू द्यायचा नाही.
त्याचा दम कुणी ऐकला नव्हता.
त्यानंही.

तिसऱ्या अल्बमात एकच चीज दोनदा आहे.
हर्षल म्हणाला, हा दुसरा टेक. दोन्ही ठेवले.
"मंग खरा कोणता?"
याचं उत्तर इंजिनिअरिंगला शिकवत नसावेत.
आमच्याकडे तर पहिलाच.
नवरी गाडीत बसली की बसली.

मनिरामलाच उमगलं शेवटी, तंबाखू चोळताना.
"हे आपल्या गाडीसारखं हाय.
दारव्ह्याच्या इकडं चढावर थे इतकी धिमी व्हाय
का आमी खाली उतरून बोरं तोडो
आन् मांगच्या डब्यात चढून जावो.
हा बी तसाच. गाण्यातून उतरून राह्यला.
बोरं तोडून राह्यला.
गाडी चालूच हाय."

त्या संध्याकाळी झिंगराजीनं ब्लेडनं रीड खरडली,
जिभेवर भिजवली.
बिदाईची धून धरली, अर्धीच, अन् उतरला.
लतीफनं काठ्या ठेवून
शिंदीच्या झाडूच्या काड्या घेतल्या,
ड्रमवर फिरवल्या, गोल, हळू.
मनिराम दोनच सूर धरून बसला, शहाण्यासारखा.
मी एक बोट लावलं, काढलं.
झिंगराजी दूर गेला,
रुळांतल्या तरोट्यापर्यंत, त्याच्याही पलीकडं,
आणि परत चढायला आला तेव्हा
आम्ही स्टेशन सोडून गेलो होतो.

हसलो पोट दुखेस्तोवर.
"लेकहो, थांबाले नाई पायजे होतं का?"
"गाडी थांबत नसे ना, भाऊ."

मग दुसऱ्यांदा.
मधे एक कुत्रं भुंकलं,
मोटारसायकल फाटकावरून गेली,
मी एक पट्टी चुकीची दाबली
आणि झिंगराजीनं तीच पट्टी उचलून
पुढं तीन वेळा वाजवली,
जणू मी मुद्दाम दिली.

तुळशीचं लग्न लागलं की लाल कोट,
जरीच्या पट्ट्या, दातांतल्या नोटा.
हर्षलच्या फोनात तेवढं राहिलंय, सहा मिनिटं.
त्यानं विचारलं, कुत्रं कापू का.
झिंगराजी नाही म्हणाला.

चौथ्या मिनिटाला एक दम ऐकू येतो,
खोल, थोडा घरघरता.
लतीफ म्हणतो, मनिरामचा. मनिराम म्हणतो, तुह्या बापाचा.
झिंगराजी रीड पुसतो
अन् पुन्हा मांगं घ्यायला लावतो.